गोव्यात पिवळा फॉक्सग्लोव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या शिगम्याच्या सुमारास आमच्या पडवीत पिवळ्या फॉक्सग्लोव्हला फुलं आली. तीन वर्षांच्या खटाटोपानंतर चार दांडे, बस्स. पण येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितले, कोणी फोटो काढले, आणि तेव्हापासून मला रोज तेच तेच प्रश्न येतात. फोंडा तालुक्यात आमचं घर, मागे माड आणि पोफळी, पुढे तुळस. थंड हवेच्या झाडासाठी याहून चुकीची जागा शोधून सापडणार नाही. तेव्हा खालची उत्तरं अशा चुकीच्या जागी राहणाऱ्यांसाठीच आहेत.

फॉक्सग्लोव्ह जांभळा असतो ना? हा पिवळा कुठला?

जांभळा, आत ठिपके असलेला, तो डिजिटॅलिस पुर्पुरिया. चित्रांत आणि कॅलेंडरांवर दिसतो तो हाच. पिवळ्या फुलांच्या जाती वेगळ्या, त्यातल्या दोन बागेत लावल्या जातात. एक डिजिटॅलिस ग्रँडिफ्लोरा : फुलं चार-पाच सेंटिमीटर लांब, फिकट लोण्यासारखी पिवळी, आत तपकिरी रेषांची जाळी. दुसरी डिजिटॅलिस ल्यूटिया : हिची फुलं जेमतेम दोन सेंटिमीटरची, अरुंद, गुळगुळीत, पण एका दांड्यावर दाटीने लागतात. ल्यूटियाला लिनीयसने १७५३ मध्ये नाव दिलं, ग्रँडिफ्लोराला मिलरने १७६८ मध्ये. पहिली मध्य युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या डोंगराळ रानांतली, दुसरी पश्चिम युरोप, इटली आणि वायव्य आफ्रिकेतली.

माझ्याकडे आहे ती ग्रँडिफ्लोरा. पुढे 'पिवळा' म्हटलं की तीच समजा.

खरंच दुर्मीळ आहे का?

आपल्याकडे हो. युरोपातल्या रोपवाटिकांत पैसे टाकले की मिळतो. रानात मात्र तो सगळीकडे सुरक्षित नाही; जर्मनीत या दोन्ही पिवळ्या जाती कायद्याने संरक्षित आहेत, रानातून उपटायला बंदी. भारतात उटी, दार्जिलिंग, काश्मीर अशा भागांत फॉक्सग्लोव्ह लावला गेला, पण औषधासाठी आणि बागेसाठी मुख्यतः जांभळा आणि लोकरी पानांचा. पिवळा क्वचितच कुणाकडे दिसतो.

मराठीत काय म्हणायचं?

पुस्तकांत तिलपुष्पी आणि हृत्पत्री अशी दोन नावं सापडतात. तिलपुष्पी हे नाव मला पटतं. तिळाचं फूल कधी हातात घेऊन बघा : तीच खाली झुकलेली नळी, तोच पुढे आलेला खालचा ओठ. तिळाच्या शेतातून गेलेल्या माणसाला फॉक्सग्लोव्हचा आकार समजावून सांगावा लागत नाही. लॅटिन नाव बोटावरून आलं, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्सने ते १५४२ मध्ये वापरलं. जर्मन भाषेत या फुलाला शिंप्याच्या अंगुस्तानाचंच नाव आहे. पोर्तुगालमध्येही तेच, तिकडे देदालेइरा म्हणतात, देदाल म्हणजे अंगुस्तान. आमच्या शेजारच्या जुन्या शिवणकाम करणाऱ्या आजींनी गळून पडलेलं फूल करंगळीवर चढवलं आणि 'हें म्हजें देदाल' म्हणाल्या. मी आधी त्यांना हात धुवायला लावले, मग हसले. का, ते पुढे येईलच.

गोव्यात जगतो का?

जगतो. पानांचा गोल गुच्छ ऑक्टोबर ते मार्च आरामात राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता येतीलच फुलं. ती येत नाहीत. पहिल्या वर्षी मी मार्चपर्यंत खतं घालत बसले, एप्रिलमध्ये पानं मरगळली, आणि जूनच्या पहिल्या पंधरा दिवसांत अख्खी रोपं मधोमध कुजली. हाताने उचलली तर गुच्छ वर आला आणि मुळं कुंडीतच राहिली.

मग फुलत का नाही? उन्हामुळे?

सगळे उन्हाला दोष देतात. ऊन नडतंच, पण खरं कारण थंडीचं आहे. या झाडाचा हिशोब असा : पहिल्या वर्षी फक्त पानं, मग हिवाळा, मग दांडा. हिवाळा म्हणजे त्याच्या लेखी सलग आठ-दहा आठवडे दहा अंशांच्या खालचं तापमान. ती थंडी वाढीच्या टोकाला लागली की झाडाला कळतं, आता फुलायचं. पणजीत जानेवारीतल्या रात्री वीस अंशांच्या आसपास असतात. आपल्याला पहाटे शाल लागते, फॉक्सग्लोव्हला तो उन्हाळाच वाटतो. थंडी पडलीच नाही, तेव्हा ते पुढच्या हिवाळ्याची वाट बघत पानंच काढत राहतं, आणि मध्ये आपला पाऊस येतो.

सत्तरीत, चोर्ला घाटाकडे तर थंडी पडते. तिथे?

माझी नणंद सत्तरीत असते, तिच्याकडे दोन रोपं पाठवली होती. तिथल्या रात्री आमच्यापेक्षा नक्कीच गार, आणि चोर्ल्याला तर आठशे मीटरच्या आसपास उंची आहे. पण पंधरा अंशांची पहाट आणि दुपारी पुन्हा तीस, याने काम होत नाही. दहाच्या खाली, तेही सलग, असं हवं. तिची पानं माझ्यापेक्षा टवटवीत होती. फुलं तिलाही आली नाहीत. शिवाय सत्तरीचा पाऊस!

मग तुमच्याकडे फुलं आली कशी?

फ्रिजमध्ये हिवाळा केला. गंमत वाटेल, पण थंड देशांतले व्यावसायिक रोपवाले हेच करतात, शीतगृहात पाच अंशांवर लहान रोपं उजेडात ठेवून. आमच्याकडे मागच्या खोलीत जुना, एका दाराचा फ्रिज पडून होता. नवा आला तेव्हा भंगारवाल्याला द्यायचा राहून गेलेला.

त्यातली मधली जाळी काढली. वरच्या कप्प्याला चिकटपट्टीने पांढऱ्या एलईडीची पट्टी लावली, वायर दाराच्या रबराच्या फटीतून बाहेर काढली आणि टायमरला जोडली : सकाळी आठ ते संध्याकाळी पाच उजेड. साधा बल्ब लावू नका, तो आत गरम करतो. आत एक तापमापक ठेवला आणि बटण फिरवत फिरवत पाच ते सहा अंशांवर आणलं. त्यालाच चार दिवस गेले. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तीन इंची कुंड्यांतली नऊ रोपं आत गेली. प्रत्येकाला आठ-दहा पानं होती. हे महत्त्वाचं आहे. दोन-तीन पानांचं पोर फ्रिजमध्ये ठेवलंत तर त्याला थंडी कळत नाही, नुसतं गारठून मरतं.

पाणी बारा-तेरा दिवसांतून एकदा, तेही दोन चमचे. रोज संध्याकाळी पाच मिनिटं दार उघडं ठेवायचं, आतली हवा बदलायला. तिसऱ्या आठवड्यात खालच्या पानांवर राखी बुरशी दिसली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती पानं देठासकट काढली, पाणी आणखी कमी केलं, तरी तीन रोपं गेली. एकदा रात्रभर वीज गेली. त्याने काही झालं नाही, दार बंद ठेवलं की गारवा टिकतो.

घरात यावरून जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. आमचे हे पाहुण्यांना मुद्दाम त्या खोलीत नेऊन फ्रिजचं दार उघडून दाखवत, एवढंच सांगते.

१९ डिसेंबरला, मुक्तिदिनाच्या सकाळी, उरलेली सहा बाहेर काढली. दहा-अकरा आठवडे झाले होते. एकदम पडवीत न ठेवता आठवडाभर एसीच्या खोलीत खिडकीशी ठेवली, मग पूर्वेच्या पडवीत. जानेवारीच्या शेवटी एका गुच्छाच्या मध्यावर पानं जरा उभी आणि अरुंद झालेली दिसली. दांड्याची ती पहिली खूण. सहापैकी चारांनी दांडा काढला.

हा फ्रिज फक्त झाडांचा हवा. त्यात दूध, भाजी, नारळाचा रस काही ठेवायचं नाही, कधीच.

बी कुठून आणायचं? आमचा मुलगा इंग्लंडात असतो, त्याला आणायला सांगू?

सांगू नका. गोव्यातल्या अर्ध्या घरांतलं कोणीतरी लिस्बनला नाहीतर स्विंडनला आहे, आणि प्रत्येकाच्या बॅगेत एक पाकीट मावतं, हे खरं. पण परदेशातून बी आणायला तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि इकडचा आयात परवाना लागतो. २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश तसं सांगतो. नियम बियांबरोबर येणाऱ्या रोगांसाठी आहे आणि तो बरोबर आहे.

देशातच घ्या, आणि शक्यतो लावणाऱ्याकडून. मला शेवटी हिमाचलातल्या एका ओळखीच्या बागवाल्यांनी चिमूटभर दिलं. त्याआधी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'दुर्मीळ पिवळा' असं लिहिलेलं पाकीट घेतलं होतं, महागडं. उगवलं छान. तिसऱ्या महिन्यात पानांवरून बोट फिरवलं तर ती राखाडी, सुरकुतलेली, मऊ लव असलेली. जुन्या घोंगडीवरून हात फिरवल्यासारखी. जांभळ्याची पानं अशी असतात. पिवळ्याची पानं हिरवीगार, वरून तकतकीत, कडेला बारीक दाते, आणि लव असलीच तर मागच्या शिरांवर. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं की फुलं आल्यावर फोटो पाठवा. गोव्यात! फुलं!

निळे, हिरवे, सप्तरंगी फॉक्सग्लोव्ह दाखवणारी पाकिटं दिसली तर पुढे जा. ते रंग संगणकावर फुलतात.

पेरणी कधी आणि कशी?

वरचं वेळापत्रक उलटं मोजलं की मृग येतो, जूनचा पहिला-दुसरा आठवडा. उगवायला अठरा ते वीस अंश बरे, म्हणून ट्रे एसीच्या खोलीत. बी खसखशीपेक्षा बारीक, तपकिरी धुळीसारखं. त्याला उजेड लागतो, म्हणून वर माती टाकायची नाही, नुसतं पसरून तळहाताने हलकं दाबायचं. चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत मिसळलं की सारखं पडतं. वरून पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवायचा, खालून ओल चढते.

दोन ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. पुढचे दोन महिने खरे कठीण. पावसाळी दमट हवेत मर रोग येतो : संध्याकाळी उभी असलेली रोपं सकाळी बुंध्याशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी. उपाय म्हणजे विरळ पेरणी, पंख्याची वाहती हवा, आणि हात आवरून पाणी. चार पानं झाली की वेगळ्या कुंड्यांत. चवथीपर्यंत सहा पानं झाली असतील तर तुम्ही वेळेवर आहात.

माती?

आपली जांभ्याची तांबडी माती किंचित आम्ल असते, ती याला चालते. अडचण असते ती पाणी धरून ठेवण्याची. मी दोन भाग बागेतली माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घेते आणि तळाला चिऱ्याचे सुपारीएवढे तुकडे घालते. घर बांधताना उरलेले चिरे प्रत्येकाच्या परसात असतातच. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, आपल्या हवेत ते वाळतच नाही.

कुंडी प्लॅस्टिकची चालेल का?

मातीची घ्या. डिचोलीच्या कुंभारांच्या कुंड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपतं आणि मुळं गार राहतात. फ्रिजमध्ये मात्र प्लॅस्टिकचीच सोयीची.

ऊन किती?

डिसेंबरनंतर सकाळी नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन, मग सावली. पोफळीखालची सावली छान असते, पण कुळागरात पाटाचं पाणी फिरतं आणि तिथे मुळं कुजतात. कुळागरात ठेवायचीच असेल तर कुंडी चिऱ्यांच्या चौथऱ्यावर.

खत, कीड?

खत अगदी कमी, दांडा दिसल्यावर एकदा पातळ शेणकाला. दांड्याच्या कोवळ्या टोकावर मावा येतो, बोटाने पुसून टाका (हातमोजा घालून). पावसात शंखी गोगलगाई लहान रोपं एका रात्रीत फस्त करतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचण्याखेरीज मला दुसरा उपाय लागू पडलेला नाही.

फूल दिसतं कसं?

पुस्तकात दांडा तीन फुटांपर्यंत सांगतात, माझा सर्वांत उंच दीड फुटाचा झाला. कळ्या आधी हिरव्या, मुगाच्या शेंगेच्या टोकासारख्या, एकाच बाजूला वळलेल्या. फुलणं खालून वर जातं. पहिलं फूल उमललं त्या सकाळी मी कुंडी उचलून डोळ्यांच्या उंचीला धरली. बाहेरून नळीवर बारीक चिकट लव, त्यावर दवासारखे कण. आत डोकावलं तर तपकिरी रेषा एकमेकींत गुंतत खोल गेलेल्या, चहा सांडलेल्या कागदावर सुकताना उमटतात तशा. वरच्या भिंतीला चार पुंकेसर चिकटून बसलेले, दोन लांब, दोन आखूड. वास नाही म्हटलं तरी चालेल.

एक फूल चार-पाच दिवस टिकलं, अख्खा दांडा तीन आठवडे. थंड प्रदेशात याहून जास्त टिकतो. फेब्रुवारी संपता संपता दुपार तेहतीसला गेली आणि वरच्या कळ्या न उमलताच वाळल्या.

बी धरतं का?

युरोपात हे काम गुबगुबीत केसाळ भुंगमाश्या करतात. आपल्या देशात त्या हिमालयात दिसतात. फुलाची रचना त्यांच्यासाठीच आहे. प्रत्येक फूल आधी नर असतं, पराग देतं, मग मादी होतं. खालची फुलं जुनी म्हणून मादी, वरची ताजी म्हणून नर. माशी खालून चढत वर जाते, वरच्या फुलांतला पराग अंगावर घेऊन उडते, आणि दुसऱ्या झाडाच्या सर्वांत खालच्या फुलात शिरते. घरच्या घरी लग्न टळतं, गोत्र बघितल्यासारखं.

आमच्याकडे काळा सुताऱ्या भुंगा येऊन बघून गेला, आत मावला नाही. मी रंगाच्या ब्रशने एका झाडाचा पराग दुसऱ्यावर लावला. सात बोंडं धरली, एप्रिलमध्ये तडकली. तेच बी यंदा पेरलं आहे.

विषारी आहे म्हणतात. किती?

पूर्ण झाड विषारी आहे : पान, फूल, बी, आणि दांडा ज्या पाण्यात ठेवला ते फुलदाणीतलं पाणीसुद्धा. पान वाळलं तरी विष जात नाही, म्हणून छाटणी गोठ्याकडे किंवा मोकाट गुरं फिरतात तिथे फेकू नका. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. मळमळ, उलट्या, पोटात कळ, गरगरणं, नाडी मंद किंवा वेडीवाकडी होणं, आणि कधी कधी सगळं पिवळट दिसणं, ही लक्षणं.

गोव्यात मला भीती वाटते ती रानभाजीच्या सवयीची. पहिल्या पावसात आपण तायकिळा, कुड्डुकी खुडायला परसात उतरतो, आणि घरातलं कोणीही उतरतं. पानांचा हिरवागार गुच्छ भाजीच्या वाफ्याशेजारी दिसला तर एखादी सूनबाई किंवा कामाला आलेली बाई सहज चार पानं खुडेल. म्हणून जमिनीत लावू नका, भाजी आणि ओव्याच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, आणि कुंडीवर जाड अक्षरात 'विषारी' लिहा. आमच्या कुंडीवर मराठीत आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, दोन्ही लिहिलं आहे.

कोणी खाल्लंच तर ताक, लिंबू, मिठाचं पाणी असले उपाय करू नका, मुद्दाम उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या सरकारी इस्पितळात, म्हणजे बांबोळीला गोमेकॉत, आणि झाडाचं पान पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना झाड कळलं की अर्धं काम होतं.

इतकं विषारी झाड घरात ठेवता तरी कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्या काकींच्या स्वतःच्या फाटकाशी पिवळी कण्हेर आहे. बिट्टी हो, तीच. पिवळी, नळीसारखी फुलं, देवाला रोज वाहतात. तिच्या बियांतलं विष फॉक्सग्लोव्हच्याच जातकुळीचं, हृदयावर तसंच काम करणारं. श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेची रुग्णसंख्या मोठी आहे, आणि तिथे फॉक्सग्लोव्हच्या विषावर बनवलेलं प्रतिविष बिट्टीवर वापरून बघितलं गेलं, ते लागू पडलं. इतकी ही दोन झाडं विषाने जवळची. वनस्पतिशास्त्रात मात्र त्यांचं काही नातं नाही.

हृदयाचं औषध यातूनच येतं ना? मग पान घेतलं तर गुण येईल?

येणार नाही, जीव जाईल. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरला श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या गुप्त काढ्याबद्दल कळलं. अंगावर पाणी चढणाऱ्यांना ती तो देई. वीसेक वनस्पतींतली खरी कामाची फॉक्सग्लोव्ह आहे हे त्याने ओळखलं, दहा वर्षं रुग्णांवर मात्रा मोजून बघितली आणि १७८५ मध्ये लिहून काढलं, जिथे चुकला तेही. आजचं डिगॉक्सिन १९३० मध्ये लोकरी पानांच्या डिजिटॅलिस लॅनाटातून वेगळं केलं गेलं. त्याच्या नेहमीच्या गोळीत औषध असतं पाव मिलिग्रॅम. पाव! औषध आणि विष यांत इतकं कमी अंतर असताना परसातल्या पानात किती आहे हे कोण मोजणार? पानापानात ते बदलतं. ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी तर झाडाला हातही लावू नये असं मी सांगते.

देवाला चालतं का? माटोळीला बांधलं तर?

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट, आणि चवथीला हे फुलतच नाही, त्यामुळे प्रश्न मिटला. शिगम्यातही मी वाहिलं नाही. निर्माल्य कुठे जाईल, कोणतं वासरू खाईल, सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षी तेच झाड फुलेल का?

मूळचं हे बहुवर्षायू आहे, तिकडे वर्षानुवर्षं फुलतं. इथे पावसाळा पार करणं हीच परीक्षा. चारपैकी एक कुंडी मी जूनपासून एसीच्या खोलीत ठेवली आहे, वर कोरडी वाळू पसरून, म्हणजे गुच्छाच्या गळ्याशी ओल राहत नाही. अजून जिवंत आहे. ऑक्टोबरात फ्रिजमध्ये जाईल. विजेचं बिल विचारू नका.

थंडीशिवाय फुलणारी जात नाही का?

पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या जाती आहेत, पण त्या जांभळ्याच्या घराण्यातल्या. १९६७ मध्ये अमेरिकेत पारितोषिक मिळालेली फॉक्सी ही त्यातली जुनी; नंतर कॅमलॉट, डाल्मेशियन आल्या. कॅमलॉटमध्ये सायीच्या रंगाची एक मिळते, पिवळ्याच्या बरीच जवळ. नवख्याने तीच घ्यावी : ऑगस्टात पेरा, फ्रिज नको, फेब्रुवारीत नशीब बघा. पिवळा आणि जांभळा यांचा एक संकरही आहे, १९२५ मध्ये लंडनजवळच्या मर्टनला तयार झालेला, चुरगळलेल्या स्ट्रॉबेरीच्या रंगाचा. त्यालाही थंडी लागते.

फ्रिज, एसी, हातमोजे... आम्हाला फक्त पिवळा उभा तुरा हवा आहे. काय लावू?

घागरी लावा. माटोळीला बांधता तीच, वाळलेल्या शेंगा घागऱ्यांसारख्या वाजतात ती. पावसाळा सरता सरता पिवळेधमक उभे तुरे येतात, माती कसलीही चालते, फुकट मिळते, आणि मधमाश्या, फुलपाखरं जमतात. बी तिचंही विषारी, मुलांना वाजवायला द्या पण खाऊ देऊ नका. जागा मोठी असेल तर दादमर्दन : मेणबत्त्यांसारखे पिवळे तुरे, रस्त्याच्या कडेला उगवतं तेच. कुंडीत हवं असेल तर पिवळा स्नॅपड्रॅगन ऑक्टोबरात लावा, थंडीचे तीन महिने छान काढतो.

रोप किंवा बी द्याल का?

बी यंदा थोडंच आहे. घरात लहान मूल किंवा चरायला सोडलेली गाय असेल तर देणार नाही, हे आधीच सांगते. बाकीच्यांनी आधी जुना फ्रिज शोधून ठेवा, मग विचारा.